डाग दोघांचा निघाला की ५० चे ८ होतात

परवा सात रस्त्याला चहा पिताना आमचा वकील दादा, चुलतभाऊ माझा, म्हणला तू स्टॅटिस्टिक्स शिकवतोस ना, मग सांग, गुन्ह्याच्या जागी मिळालेल्या डागाच्या लॅब रिपोर्टात मिश्र डीएनए (म्हणजे एकाहून जास्त माणसांचा) असा शेरा आणि खाली एक आकडा असतोय, तो नेमका कशाचा? मग मी त्याच्याच फाइलच्या पाठीवर मांडून दाखवलं.

मार्कर म्हणजे डीएनएवरची तपासायची एक ठरलेली जागा; तिथं एक छोटा तुकडा किती वेळा परत परत येतोय तो आकडा मोजतात. एका मार्करवर प्रत्येकाचे दोन आकडे, एक आईकडनं एक वडलांकडनं. समजा संशयिताचे ८ आणि १२. डाग एकाचाच असला, त्यात हेच दोन दिसले आणि दोन्ही समाजात १०-१० टक्के असले तर अशी जोडी शंभरात दोघांची, म्हणजे पुराव्याचं वजन ५०: डाग संशयिताचा धरला तर ही जोडी दिसायची शक्यता अनोळखीचा धरल्यापेक्षा ५० पट. आता डाग दोघांचा, त्यात ८, १०, १२, १४ चारही दिसतायत. कुणाचे कुठले? ८-१० नि १२-१४ असतील, ८-१४ नि १०-१२ पण असतील. चारही १०-१० टक्के धरून गणित केलं तर 'संशयित आणि एक अनोळखी' धरल्यावर असा डाग मिळायची शक्यता 'दोघंही अनोळखी' धरल्यापेक्षा ८.३ पटच येते! माणूस तोच, मार्कर तोच. असे पंधरा-वीस मार्कर गुणतात म्हणून शेवटचा आकडा अवाढव्य दिसतोय.

आणि दोघंच कशावरनं? आपल्या चादरीच्या कारखान्यात खाली पडलेले तुकडे धागे बघा, लाल हिरवा पिवळा, पण दोन चादरींत लाल सारखाच असला तर रंग मोजून चादरी किती हे कसं सांगणार. डीएनए कमी असला तर एखादा आकडा दिसतच नाही, आणि मशीनच्या आलेखात प्रत्येक आकडा शिखरासारखा दिसतोय, तर डीएनएच्या प्रती काढताना खऱ्या शिखराच्या अलीकडं छोटं खोटं शिखर पण उठतंय. अमेरिकेच्या निस्टनं (मोजमापांची मानकं ठरवणारी सरकारी संस्था) २०१३ ला चौघांचं मिश्रण मुद्दाम बनवून १०८ लॅबना दिलं, तर ७४ लॅबनी त्यात नसलेल्या माणसाला आत धरलं. हे वाचून मला झोप लागली नव्हती, खरंच.

दादा म्हणला, म्हणजे हा गुन्हेगार असायची शक्यता ८ पट? नाही रे दादा, इथंच सगळे घसरतात. आकडा डागाबद्दल बोलतोय, गुन्ह्याबद्दल नाही. तो त्याच घरात राहत असंल तर त्याचा डीएनए तिथं असणारच की. आणि 'अनोळखी'च्या जागी सख्खा भाऊ असला तर वजन पार खाली येतंय.

शेवटी दादानं उलटतपासणीसाठी दोन प्रश्न लिहून घेतले: माणसं किती धरली आणि कशावरनं, आणि दुसरा माणूस म्हणून कुणाला धरलं.