शून्य कॉल

आमच्याकडे एक मेकॅनिक आहेत, वय ५६. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. बाबांनी लिफ्ट सर्व्हिसिंगचा धंदा सुरू केला तेव्हापासून ते सोबत आहेत. दोन वर्षांपूर्वी मी केलेल्या यादीत ते सगळ्यात खाली आले आणि त्या दिवाळीला मी त्यांचा बोनस कापला. ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

आमचं ऑफिस लालबागला. ११ मेकॅनिक, आणि गिरगावपासून माटुंग्यापर्यंत दीडशेच्या आसपास लिफ्टची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. कोण कसं काम करतो हे बाबांना तोंडपाठ होतं. ते गेल्यावर सगळं माझ्यावर आलं आणि मला काहीच कळेना. मग मी एक अ‍ॅप घेतलं. कोणी दिवसाला बिघाडाचे किती कॉल, म्हणजे तक्रारी, निपटल्या, पोचल्यापासून कॉल बंद होईपर्यंत किती मिनिटं लागली, सगळं शीटवर. त्यावरच इन्सेंटिव्ह. पहिले दोन महिने आकडे इतके छान आले की मी ते भावाला फोन करून वाचून दाखवले.

तिसऱ्या महिन्यात सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे फोन सुरू झाले. एकाच इमारतीची तीच लिफ्ट आठवड्यात तीनदा बंद. मी नोंदी काढून बसले. पोरगा जातो, मशीन रूममध्ये मेन स्विच बंद करून परत चालू करतो, लिफ्ट चालते, कॉल बंद, ११ मिनिटं. दोन दिवसांनी तोच बिघाड. तो त्याच्या खात्यात नवा कॉल म्हणून जमा! ही पोरं लबाड नाहीत. पैसे कशाचे मिळणार हे मीच त्यांना सांगितलं होतं. लिफ्ट बंद पडली, की पैसे.

मामांकडे १६ लिफ्ट. बहुतेक गिरगावातल्या जुन्या इमारतींमधल्या, जाळीच्या दाराच्या. महिना महिना एकही कॉल नाही. मी त्याचा अर्थ लावला, काम कमी आहे.

पुढच्या जूनमध्ये एका सकाळी मी त्यांच्यासोबत गेले. तळमजल्यावर ते दारापाशी उकिडवे बसले. हातात जुना टूथब्रश आणि सायकलच्या स्पोकचा वाकवलेला आकडा. दाराच्या खालच्या ट्रॅकमधून त्यांनी काय काय काढलं! सुपारीची खांडं, केसांची पिन, उदबत्तीच्या काड्या, तांदूळ, रांगोळीची भुकटी. सगळं कागदावर गोळा केलं. मग दार तळव्याने सावकाश सरकवलं, पुन्हा मागे, पुन्हा पुढे, मान कलती करून ऐकत. असं प्रत्येक मजल्यावर. चौथ्यावर थांबले. "हे जड लागतंय. रोलर झिजलाय." मला तर काहीच फरक जाणवला नाही. खाली येऊन पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, टॉर्च मारला, ओल बघितली, पाऊस वाढला की पंप कधी लावायचा ते वॉचमनला समजावलं. तेवढ्यात एक आजी भाजी घेऊन आल्या. मामा त्यांना म्हणाले, "आजी, दार शेवटपर्यंत ओढा हं, नाहीतर लिफ्ट वरच्यांकडे जात नाही." दीड तास गेला. शीटवर त्या सकाळची नोंद शून्य.

हे अ‍ॅप घेण्याआधी मी एका सेमिनारला गेले होते. तिथे पडद्यावर लिहिलं होतं की जे मोजता येत नाही ते चालवता येत नाही, आणि खाली नाव होतं डेमिंग. मला ते फार पटलं होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की डेमिंगनी नेमकं उलटं लिहिलंय. असं समजणं चूक आहे, आणि ही महागात पडणारी समजूत आहे, असं. स्वतः संख्याशास्त्रज्ञ माणूस. १९५० मध्ये जपानी कारखानदारांना गुणवत्ता शिकवलेला. त्यांचा एक खेळ आहे. भांड्यात ४००० मणी, त्यातले ८०० लाल. कामगाराने ५० खळग्यांची पट्टी त्यात बुडवायची. लाल मणी आला की चूक त्याची. मग कमी लालवाल्याचं कौतुक, जास्तवाल्याला तंबी. खरं तर पट्टीत काय येतं ते भांड्यावर ठरतं. मी वाचत होते आणि डोळ्यांसमोर माझी यादी होती. लोअर परळचा नवा टॉवर आणि गिरगावची जुनी चाळवजा इमारत मी एकाच रांगेत लावली होती.

माप हेच लक्ष्य झालं की माप बिघडतं, ही गोष्ट गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. १९७५ मध्ये त्यांनी ती पतधोरणाबद्दल मांडली होती. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या टार्गेटपायी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली आणि २०१६ मध्ये बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला. माझं प्रकरण त्यापुढे चिमूटभर, पण जात तीच.

आकडे मी टाकून दिलेले नाहीत. लिफ्ट ज्यावर लटकते त्या पोलादी दोराची, रोपची, जाडी व्हर्नियरने मोजायची ती मोजायचीच, तिथे नजरेवर माझा विश्वास नाही. पण रोपला आपण मोजले जातोय हे कळत नाही. माणसाला कळतं.

मामांचे कापलेले पैसे मी परत द्यायला गेले. त्यांनी पाकीट घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बाळा, तेव्हाच एकदा विचारायचं होतंस." बाकी काही नाही. मला खूप वाईट वाटलं.

आता पुन्हा पुन्हा येणारे कॉल आम्ही शनिवारी सगळे मिळून बघतो, पण त्याला बोनस जोडलेला नाही. महिन्यातले तीन दिवस मी मेकॅनिकसोबत फिरते. आमचा सगळ्यात भराभर काम करणारा मुलगा मात्र सोडून गेला. जाताना म्हणाला, "ताई, आधी माझं काम शीटवर दिसायचं. आता तुम्हाला दिसलं तर दिसलं." त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या आवडीनिवडीपासून वाचायला त्या शीटचाच त्याला आधार होता. म्हणून आता फिरतीचे पहिले दोन दिवस मी ज्या दोघांशी माझं फारसं जमत नाही त्यांच्यासोबत घालवते. परवा त्यातल्या एकाबरोबर प्रभादेवीला होते. काम त्याचं नीटनेटकं आहे, ब्रेक लायनर त्याने मी न सांगता उघडून बघितला. तो बोलत नाही फारसा, एवढंच.