१४ मे, सुवा (फिजी)

गिरमिट दिनाला इथे २०२३ पासून सार्वजनिक सुट्टी असते. त्या सकाळी घरमालकीणबाई भिंतीवरचा फोटो पुसत म्हणाल्या, “ई हमार आजा.” मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिलो. आजा! आमच्या गावाकडचा शब्द, पॅसिफिकच्या मधोमध.

त्यांच्या आजाला कलकत्त्याहून पाच वर्षांच्या करारावर ऊसमळ्यात कामाला आणलं होतं. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं झालं गिरमिट. १८७९ ते १९१६ या काळात असे ६० हजारांवर लोक, म्हणजे गिरमिटिये, आले. पहिलं जहाज, लिओनिडास, १४ मे १८७९ रोजी लेवुकाला पोचलं. तेव्हा राजधानी तीच. १८७४ साली फिजी ब्रिटिशांच्या हवाली झालं तेही तिथेच. पण गावाच्या पाठीला लगेच उभे कडे, वाढायला जागा नाही, म्हणून १८८२ साली कारभार सुवाला हलला.

सुवाची सरकारी इमारत मी रोज बसमधून बघतो. करडी, जड, वर घड्याळाचा मनोरा. १९३९ साली पुरी झाली. ओढा बुजवून केलेली जमीन, म्हणून खाली खोलवर काँक्रीटचे खांब ठोकले आहेत. वसाहतीचा मोठा आधार साखरेचा, त्यामुळे मला त्या खांबांत गिरमिटियांचा घाम दिसतो.

इथेच संसद भरायची. १४ मे १९८७ रोजी, लिओनिडासनंतर बरोबर १०८ वर्षांनी, सैनिक सभागृहात घुसले आणि पंतप्रधान बावाद्रांचं सरकार उलथवलं. भारतीय वंशाच्या मतदारांनी भरभरून निवडून दिलेलं सरकार! त्यानंतर हजारोंनी देश सोडला. उठावाचे म्होरके राबुका २०२३ साली पंतप्रधान म्हणून माफी मागते झाले. माफी मागायला धैर्य लागतं, हे मी मान्य करतो.

राग मला आपल्याच लोकांचा येतो. भारतातून नोकरीला आलेले काही जण इथल्या भारतवंशीयांच्या हिंदीला ‘तुटकी’ म्हणतात, हसतात, चुका काढतात. अहो, शाळा नाही, पत्र नाही, अशा मळ्यांतल्या कोंदट खोल्यांत या माणसांनी भाषा जपली, रामायण जपलं! आपल्या पोरांना दोन वर्षांत मराठी जड जाते.

मीही करारावरच आलोय, तीन वर्षांच्या. पण स्वखुशीने, विमानाने, परतीचं तिकीट लिहून घेऊन. गिरमिटियांना फुकट परतायला दहा वर्षं काढावी लागत.

“आमच्याकडेही आजाच म्हणतात,” मी बाईंना सांगितलं. त्यांनी फोटो माझ्या हातात दिला.