ठिणगी होती, वेळ चुकत होती

श्रावण लागला की आमच्या मालवणातल्या वर्कशॉपबाहेर होड्यांच्या इंजिनांची रांग लागते. नारळी पौर्णिमा तोंडावर, आणि जो तो म्हणतो, माझं आधी. अशाच गर्दीत देवबागचे एक तात्या टेम्पोतून यामाहाचं जुनं 8 हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन आले. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं.

"दोन मिस्त्री झाले. कार्बोरेटर झालो, प्लग झाले. बापाशीचा इंजिन आसा, भंगारात घालूचा नाय."

मी दोरी ओढली. कार्बोरेटरमधून फट्कन आवाज आला आणि दोरीने उलटा असा हिसका दिला की मनगट झणझणलं. प्लग काढून बॉडीला टेकवले तर ठिणगी निळीशार. प्लगच्या भोकावर अंगठा दाबला तर कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा जोर, तो उडवून लावतंय. प्लग ओले, म्हणजे पेट्रोलही पोचतंय. सगळं असून इंजिन लागत नाही आणि वर दोरी उलटी मारते, तेव्हा कार्बोरेटर खोलत बसणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे खाणं. ठिणगी वेळेवर पडतेय का, ते बघायचं.

वरच्या प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर सोडून पिस्टन पार वर आणला. फ्लायव्हील म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरचं जड चाक; त्याच्यावरची खूण चांगली बोटभर सरकलेली!

चाक ओढून काढायचा पुलर लावला, तर फ्लायव्हील जवळजवळ हातानेच निघालं. तिथेच मला कळलं. एरवी ते ठाक करून मोठ्या आवाजात सुटतं. शाफ्ट आणि फ्लायव्हील यांच्या खाचांत बसणारी अर्धचंद्राकृती चावी मधोमध कातरून तिला पायरी पडली होती आणि क्रँकशाफ्टच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, ग्रीसचा जाड थर.

चावी फ्लायव्हील धरून ठेवत नाही, ती नुसती जागा दाखवते. धरतो तो टेपर, तोही कोरडा असेल आणि वरचा नट नीट आवळला असेल तरच. ग्रीसने पकड गेली, फ्लायव्हील सरकलं, त्याबरोबर त्यातले ठिणगी पाडणारे चुंबक सरकले आणि पिस्टन वर यायच्या खूप आधीच ठिणगी पडू लागली.

शेजारचा वेल्डर म्हणाला, "कडक पोलाद घासून चावी कर." मुळीच नाही. कडक चावी सहज तुटणार नाही, पण उद्या परत फ्लायव्हील सरकलं तर शाफ्टची खाच फाडेल, आणि या मॉडेलचा शाफ्ट आणायचा कुठून? मोडीतल्या एका इंजिनातून मूळची चावी काढली. टेपरला व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट लावून फ्लायव्हील त्यावर घासून बसवलं, पेट्रोलने दोन्ही स्वच्छ पुसले, नट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळला.

पाण्याच्या पिंपात दुसऱ्याच दोरीला इंजिन लागलं. थंड करणाऱ्या पाण्याची धारही बाहेर पडू लागली. तात्या खूश. मग हळूच जवळ येऊन म्हणाले, "त्या फ्लायव्हीलाक जरासा गिरीस लावलंस मां? फुडच्या टायमाक उघडूक सोपा जाता. आधीच्या मिस्त्र्याक मीच सांगलेलंय."


कातरलेली चावी त्यांच्या तळहातावर ठेवून मी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला बसलो.