पार्टी येते आहे

आज संध्याकाळी घरात परतले तेव्हा हॉलमधल्या खिळ्यावर ह्यांच्या फोटोऐवजी, आमचे घर विकून देणार असलेल्या एजंटच्या ऑफिसचे कॅलेंडर लटकत होते. वर गणपती, मध्ये ठळक लाल आकडे, खाली दोन मोबाइल क्रमांक आणि ‘फ्लॅट, रो-हाउस, दुकाने, गाळे: खरेदी-विक्री व भाड्याने’ अशी ओळ. फोटो बेडरूममधल्या कपाटावर, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांच्या गाठोड्यामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला सापडला. हार काढून, नीट गुंडाळून शेजारी ठेवला होता. राग कशाचा अधिक आला, फोटो हलवल्याचा की हार इतक्या नीटपणे गुंडाळल्याचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी लगेच एजंटला फोन लावला. घर बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते ‘पार्टी’ म्हणतात. पलीकडून शांत उत्तर आले, ‘‘काकू, राग मानू नका. हार घातलेला फोटो दिसला की पार्टी विचारात पडते. घरात काही घडलंय का, असं मनात येतं.’’ घडले आहेच, असे मी म्हणाले. त्यावर जराही न अडखळता ते म्हणाले, ‘‘पण ते हॉस्पिटलात ना? मग काही प्रश्न नाही, मी तसं सांगत जाईन.’’ यावर काय बोलावे हे न सुचून मी फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत राहिले.

सध्या पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात कोणी टोकन, म्हणजे इसार, देत नाही, पण लोक घरे बघून ठेवतात आणि घटस्थापनेनंतर बोलणी करतात, हे एजंटनेच मला समजावले होते. गेलेल्या माणसांना आठवणीने घरी बोलवायचे ज्या पंधरवड्यात, त्याच पंधरवड्यात ह्यांना भिंतीवरून उतरवून कपाटावर ठेवण्यात आले, आणि तेही ज्या घराचे हप्ते त्यांनी अठरा वर्षे फेडले त्या घरात. हे वाक्य लिहून झाल्यावर ते फार नाटकी वाटते आहे. तरी खोडत नाही.

खरे तर फोटोपेक्षाही मला सलते आहे ते माझे खाली जाऊन बसणे. पहिल्याच भेटीत एजंटने नियम घालून दिला की पार्टी येणार असेल तेव्हा मी घरात थांबायचे नाही. ‘‘मालक समोर असला की पार्टी मोकळी होत नाही, काकू. त्यांना भिंतीला हात लावून बघायचा असतो, नळ सोडून बघायचा असतो, आपसांत दोन शब्द बोलायचे असतात.’’ म्हणणे पटण्यासारखे आहे, म्हणून तर अधिक टोचते. त्यामुळे फोन आला की मी सकाळची भांडी आवरते, दोरीवरचे कपडे काढते, लसणाची फोडणी पुढे ढकलते, किल्ली त्यांच्या हातात देते आणि पिशवी घेऊन खाली पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर जाऊन बसते. पिशवी कशासाठी घेते हे मला माहीत आहे. भाजीला निघालेली बाई मध्येच टेकली आहे असे येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटावे, इतक्यासाठीच.

बाकावर बसून मात्र पुष्कळ कळते. आमची इमारत तीन मजल्यांची, 1987 सालची. कर्वेनगरात त्या काळी एवढ्या उंचीला लिफ्ट घालण्याचा विचारही कोणी करत नसे. आता घर विकायचे म्हटले की सगळी किंमत त्या जिन्यावर ठरते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जी मंडळी कठड्याला हात टेकून थांबतात, ती परत फोन करत नाहीत. आईवडिलांना घेऊन येणारे तर उतरतानाच एकमेकांशी बोलेनासे होतात. हॉलला दोन्ही बाजूंनी वारा आहे आणि मागच्या गॅलरीतून जांभळाचे झाड दिसते, पण तिथवर पोचण्याआधीच निकाल लागलेला असतो.

आणि बसल्या बसल्या एकच विचार छळतो: वर हे गृहस्थ माझ्याविषयी काय सांगत असतील?

हा संशय माझ्या स्वभावातून आलेला नाही, तो साध्या त्रैराशिकातून आलेला आहे. माझ्याकडून दोन टक्के आणि घेणाऱ्याकडून दोन टक्के असे त्यांचे गणित आहे, आणि पुनर्विक्रीच्या व्यवहारात ही इथली सर्रास चालणारी रीत आहे. घर 70 लाखांना गेले तर माझ्याकडून 1,40,000 आणि तिकडून तेवढेच. आता समजा, भाव 68 वर उतरला, तर माझे दोन लाख जातात आणि त्यांचे दोन्हीकडचे मिळून आठ हजार. आठ हजारांसाठी कोणी चार महिने जिने का चढावे? त्यांना व्यवहार लवकर व्हायला हवा आहे आणि मला तो नीट व्हायला हवा आहे. तरी फोनवर ते ‘‘आपण जास्त ताणायला नको’’ असे म्हणतात तेव्हा त्यातले ‘आपण’ कोण, असे मला विचारावेसे वाटते, आणि मी विचारत नाही.

मागच्या आठवड्यात वॉचमनमामांनी जे सांगितले त्याने तर झोपच उडाली. गेटपाशी उभे राहून एजंट एका पार्टीला सांगत होते की ही इमारत वर्ष-दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार, आत्ता घेऊन ठेवा, नवा मोठा फ्लॅट आयताच मिळेल. याच गृहस्थांनी आदल्या दिवशी मला सांगितले होते की तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाचे काही खरे नाही, तेव्हा भाव खाली घ्या. इमारत एकच, पण जिन्याने वर येताना ती मोडकळीला आलेली असते आणि गेटबाहेर पडताना सोन्याची होते. वस्तुस्थिती अशी की 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती पुरते, आणि आमच्याकडे विषय सभेच्या पत्रिकेवर आला तेव्हा गच्चीच्या गळतीवरून जे भांडण जुंपले त्यात तो कोणाला आठवलादेखील नाही.

क्षेत्रफळाचेही तसेच. ह्यांनी जपून ठेवलेल्या करारनाम्यात 640 चौरस फूट बिल्ट-अप, म्हणजे भिंतींसकट, असे स्वच्छ लिहिले आहे. जाहिरातीत मात्र 750 छापले गेले. मी हटकले तर उत्तर मिळाले, ‘‘ते सुपर बिल्ट-अप, जिन्याबिन्याचा वाटा धरून, काकू. सगळे तसंच टाकतात.’’ प्रत्यक्ष पाय ठेवायला चटई क्षेत्र साधारण साडेपाचशे फूट आहे, आणि टेप घेऊन येणाऱ्या माणसाला ते दोन मिनिटांत कळते. त्यानंतर त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो माझ्या खात्यावर जमा होतो, एजंटच्या नव्हे.

जाऊबाईंनी सुचवले की एजंटचा रेरा क्रमांक, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या नोंदणीचा क्रमांक, विचारून घे. तो विचारायची गरजच नव्हती, कारण कॅलेंडरवर गणपतीच्या पायाशीच छापलेला आहे. मी वाचून पाहिले. कायदा 2016 चा, तो राबवणाऱ्या राज्याच्या महारेरा प्राधिकरणाचे काम 2017 पासून सुरू, आणि 2023 मध्ये एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणे बंधनकारक झाले. मात्र कायद्यातली एजंटची नोंदणी ही नोंदणीकृत गृहप्रकल्पांतल्या विक्रीशी बांधलेली आहे; आमच्यासारख्या जुन्या सोसायटीतला फ्लॅट एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा त्या कायद्याचे छत्र आमच्या गच्चीपर्यंत पोचत नाही. शिवाय त्या परीक्षेत दुसऱ्याच्या घरातला फोटो कोणाच्या परवानगीने उतरवावा असा प्रश्न असेल, असे वाटत नाही.

रोख रकमेचा विषयही त्यांनी एकदा हळूच काढून पाहिला होता. रेडीरेकनरएवढी, म्हणजे सरकारी दरपत्रकाएवढीच, किंमत खरेदीखतात दाखवू आणि वरचे हातात घेऊ, म्हणजे समोरच्याची स्टॅम्प ड्यूटीही वाचेल. पुण्यात ती मेट्रोच्या अधिभारासकट सात टक्के पडते, नाव बाईचे असले तर सहा, तेव्हा घेणाऱ्याला मोह होणारच. पण मालमत्तेच्या विक्रीत 20,000 किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, हे बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या बाईला सांगावे लागत नाही. मी नाही म्हणाले. त्या वेळी तेच चटकन मागे सरले आणि चहा मागून घेतला.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र त्यांना नाव ठेवता येणार नाही. शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, कर भरल्याची पावती, सोसायटीच्या थकबाकी नसल्याचा दाखला, सगळे कोणत्या क्रमाने लागते ते त्यांना तोंडपाठ आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हस्तांतर शुल्क म्हणून पन्नास हजारांचा आकडा टाकला तेव्हा, ‘‘साहेब, प्रीमियमची कमाल मर्यादा 25,000 आहे, 2001 पासून,’’ असे तेच माझ्या बाजूने उभ्याउभ्या बोलले. हक्कसोडपत्राचा मसुदाही त्यांच्याच ओळखीच्या वकिलांनी करून दिला. त्यावर सही करताना लेक जे बोलली ते इथे लिहीत नाही.

तर आज. आजची पार्टी म्हणजे एक तरुण जोडपे होते, हिंजवडीला नोकरी असणारे, पितृपक्ष वगैरे न मानणारे. दुसऱ्या मजल्यावर न थांबता दोघे सरळ वर गेले, तेव्हाच मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. वीसेक मिनिटांनी उतरले. एजंट फोनवर बोलत पुढे गेटकडे निघून गेले आणि ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी घरमालकीण आहे हे तिला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. पिशवीचा काही उपयोग होत नव्हता, एवढेच त्यावरून सिद्ध झाले. तिने विचारले, ‘‘काकू, हॉलमध्ये ज्यांचा फोटो होता, ते काका कधी गेले?’’

माझ्या तोंडून नुसता हुंकार निघाला. मग तिने मोबाइल पुढे केला. एजंटने संकेतस्थळावर टाकलेल्या जाहिरातीत हॉलचा फोटो होता, आणि त्यात पंख्याखाली, सोफ्याच्या वर, हे हारासकट स्वच्छ दिसत होते. ती म्हणाली, ‘‘वर बघितलं तर तिथे कॅलेंडर. मला वाटलं, घर दुसरंच दाखवतायत की काय.’’

वर जाऊन कॅलेंडर पाहिले तेव्हा मला आधी संताप आला आणि फोनवरचे ते बोलणे झाल्यावर रडूही आले. डबे पुसता पुसता कधीतरी मुलीचे ते वाक्य पुन्हा आठवले आणि हसू फुटले, मोठ्याने, एकटीलाच. जी गोष्ट पार्टीपासून लपवायची म्हणून माणसाने परक्याच्या घरात स्टुलावर चढावे, ती त्याने स्वतःच आधी साऱ्या पुण्याला दाखवून ठेवलेली असावी! ह्यांना हे सांगता आले असते तर त्यांनी पुढची पंधरा वर्षे प्रत्येक पाहुण्याला ऐकवले असते. फोटो मी परत लावला आहे. कॅलेंडर स्वयंपाकघरात गेले, कारण त्यात तिथी मोठ्या अक्षरांत आहेत आणि सिलिंडरची तारीख लिहायला जागाही आहे.

माणूस वाईट आहे असे म्हणून मोकळे होता आले असते तर बरे झाले असते. तसे म्हणवत नाही. त्यांना घर म्हणजे इतके फूट, इतका मजला, इतके टक्के असेच दिसणार, आणि तसे दिसत नसते तर ते या धंद्यात चार दिवस टिकले नसते. मलाही घर विकायचेच आहे.

रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. जोडप्याने 67 सांगितले आहेत, घटस्थापनेला टोकन द्यायला तयार आहेत, कर्जाची मंजुरी हातात आहे. ‘‘चांगली पार्टी आहे काकू, सोडायला नको.’’ मी म्हणाले, 70 च्या खाली येणार नाही, सगळी रक्कम चेकने, टीडीएसचा एक टक्का कापतील त्याचे प्रमाणपत्र मला वेळेवर हवे, जाहिरातीतले 750 उद्या सकाळी 640 व्हायला हवेत आणि बोलणी माझ्या हॉलमध्ये मी समोर असताना होतील. एवढे सगळे ते निमूट ऐकत होते. मग मी कमिशनचे काढले आणि दोन्हीकडून मिळत असल्यामुळे माझ्याकडून एक टक्का पुरे झाला असे सांगितले. तेव्हा कुठे ते खऱ्या अर्थाने दुखावले गेले. फोटोच्या वेळी न आलेली थरथर त्यांच्या आवाजात आली, पेट्रोलचे भाव निघाले, मुलाची फी निघाली. शेवटी त्यांनी दीड म्हटले, मी सव्वा म्हटले, आणि ते ‘‘बघू’’ म्हणाले, म्हणजे सव्वावर येतील.