श्टुटगार्ट ते फ्रॉयडनश्टाट: अडीच टनांची गाडी, सक्रिय सस्पेन्शन आणि डोंगरमाथ्याचा रस्ता

जर्मनीतल्या श्टुटगार्टला कामानिमित्त किंवा मुलांकडे येणारी मराठी मंडळी बहुधा मर्सिडीज-बेंझचे संग्रहालय पाहून परततात. संग्रहालय पाहण्यासारखे आहेच (सोमवारी ते बंद असते), परंतु जड, आलिशान गाडीतला आराम नेमका कशामुळे मिळतो, हे उभ्या गाडीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी तिच्यात बसून जलद महामार्ग, सततची वळणे आणि दगडी फरसबंदी अशा तिन्ही प्रकारच्या रस्त्यांवरून जायला हवे. म्हणून या खेपेस आम्ही जीएलएस ही मर्सिडीजची मोठी एसयूव्ही भाड्याने घेतली आणि बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटपर्यंत ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलाच्या माथ्यावरून जाणाऱ्या बी ५०० या रस्त्याने गेलो. मागच्या आसनावर माझी आई होती. तिला घाटात गाडी लागते, आणि माझ्या मते सक्रिय सस्पेन्शनची, म्हणजे स्वतःहून जोर लावून गाडीचे डुलणे-कलणे आवरणाऱ्या व्यवस्थेची, खरी परीक्षा तिच्यासारख्या प्रवाशाच्या अंगावरच होते.

ही गाडी सुमारे अडीच टनांची आहे. या वजनाचा एक फायदा आपोआप मिळतो. चाक, ब्रेक आणि हब यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या खालच्या भागाचे वजन वरच्या बॉडीच्या मानाने कमी ठरते, त्यामुळे चाकाला बसलेला धक्का बॉडीला फारसा हलवू शकत नाही. मात्र तेच वजन उंचावर असल्याने वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, ब्रेक लावताच नाक खाली जाते आणि लांब उंचवट्यांवर ती वरखाली डुलत राहते. यावरचा जुना उपाय म्हणजे कडक स्प्रिंग आणि जाड अँटी-रोल बार. पण हा बार डावे-उजवे चाक एकमेकांशी बांधतो, त्यामुळे एकच चाक खड्ड्यात गेले तरी सगळी गाडी आडवा हिसका खाते आणि आतल्या माणसांची डोकी दोन्हीकडे हलतात. उंच गाड्यांमध्ये मागे बसणाऱ्यांना जो शीण येतो, त्यातला मोठा भाग या आडव्या हिसक्यांचा असतो, असे माझे निरीक्षण आहे.

गाडी आरक्षित करण्यापूर्वी एक भेद नीट समजून घ्यावा, कारण जाहिरातीत सगळ्याच प्रकारांना सारखीच विशेषणे लावलेली असतात. साध्या एअर सस्पेन्शनमध्ये हवेच्या फुग्यांमुळे गाडीची उंची कमीजास्त होते आणि शॉकॲब्सॉर्बरमधल्या झडपा गरजेनुसार घट्ट किंवा सैल होतात. परंतु असा शॉकॲब्सॉर्बर होणाऱ्या हालचालीला केवळ विरोध करू शकतो, स्वतःहून चाक खाली दाबू किंवा वर खेचू शकत नाही. सक्रिय सस्पेन्शन बाहेरून शक्ती घेऊन नेमके हेच करते. मर्सिडीजने १९९९ मध्ये सीएल कूपे गाडीत ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल आणले, तेव्हा प्रत्येक चाकाच्या पोलादी स्प्रिंगला उच्च दाबाच्या तेलावर चालणारा सिलिंडर जोडला होता आणि अँटी-रोल बार काढूनच टाकले होते. २०१३ च्या एस-क्लासमध्ये पुढचा रस्ता आधीच पाहणाऱ्या दुहेरी कॅमेऱ्याची त्यात भर पडली. २०१८ मध्ये जीएलई गाडीबरोबर आलेल्या ई-ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोलमध्ये हवेचे फुगे आणि तेलाचे शॉकॲब्सॉर्बर एकत्र आले, आणि प्रत्येक चाकाजवळ ४८ व्होल्टवर चालणारी पंप-मोटर बसवली गेली. खराब रस्त्यावर चाकांच्या हालचालीतून ती काही ऊर्जा परतही मिळवते. आम्हाला हवी होती ती हीच व्यवस्था.

भाड्याच्या काउंटरवर विशिष्ट सुविधांची हमी सहसा मिळत नाही. तिथल्या माणसाला ही सुविधा गाडीत आहे की नाही हे माहीत असेलच असेही नाही. ओळखण्याची सोपी खूण अशी, की ड्रायव्हिंग मोडच्या यादीत कम्फर्ट, स्पोर्ट यांच्याबरोबर ‘कर्व्ह’ हा मोड दिसला पाहिजे. तो नसेल तर गाडीत साधे एअर सस्पेन्शन आहे असे समजावे आणि शक्य असल्यास दुसरी गाडी मागावी. चाके पाहायलाही विसरू नये. २२ किंवा २३ इंची रिम छायाचित्रात देखणी दिसते, पण तिच्यावर टायरची रबरी भिंत इतकी कमी उरते की बारीक धक्के थेट आत येतात. २० किंवा २१ इंची चाके मिळाली तर तीच घ्यावीत. भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना घरूनच घेऊन निघावे. एवढ्या मोठ्या गाडीसाठी वयाची अट अधिक कडक असू शकते, तीही आधी विचारून घ्यावी.

श्टुटगार्टहून ए ८ ने कार्ल्सरूहेकडे आणि तिथून ए ५ ने दक्षिणेला बाडेन-बाडेन, असा सरळ मार्ग आहे. महामार्गावर काँक्रीटचे पट्टे लागतात तिथे लक्ष देऊन बसावे. काँक्रीटची फरशी साधारण पाच मीटर लांब असते; ताशी १२० किलोमीटरने जाताना सेकंदाला सहा-सात सांधे चाकाखालून जातात, आणि माणसाचे बसलेले शरीर उभ्या दिशेने नेमके सेकंदाला चार ते आठ कंपनांना सर्वांत हळवे असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ज्यांच्या पाठीला हा अनुभव आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. इथे मला सक्रिय सस्पेन्शनचा उपयोग मर्यादितच वाटला. गाडीची बॉडी स्थिर राहिली, पण सांध्यांची बारीक टकटक जाणवत राहिली, कारण ती मुख्यतः टायर आणि सस्पेन्शनच्या जोडांमधले रबरी बुशच सोसतात. वेग ९० च्या आसपास आणल्यावर ती पुष्कळ सुसह्य झाली. उलट पुलांच्या पुढे-मागे रस्ता जिथे थोडा खचलेला असतो आणि जड गाडी सहसा एक-दोनदा डुलून मग शांत होते, तिथे ही गाडी एकदाही डुलली नाही. हा फरक मोठा होता.

बाडेन-बाडेन सोडताच बी ५०० जंगलातून चढू लागतो आणि पुढे साठेक किलोमीटर बहुतांश माथ्यावरून जातो. आम्ही चढण कम्फर्ट मोडमध्ये पार केली. गाडी मऊ होती, कलणे अगदी कमी होते, तरीही तासाभरात आईने खिडकी उघडायला सांगितली. मुमेलझे हे तळे हजार मीटरहून अधिक उंचीवर अगदी रस्त्यालगत आहे. तिथे थांबून चहा घेतला, तळ्याभोवती फेरी मारली आणि पुढे कर्व्ह मोड लावला.

या मोडमध्ये गाडी मोटारसायकलप्रमाणे वळणाच्या आतल्या बाजूला झुकते. झुकाव फार तर तीन अंशांच्या आसपास असतो, आणि तेवढ्याने काय होणार असे वाटू शकते, म्हणून मी हिशेब मांडला. दीडशे मीटर त्रिज्येचे वळण ताशी ७० च्या वेगाने घेतले तर आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २६ टक्के येतो. तीन अंशांच्या झुकावाने प्रवाशाला जाणवणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाच टक्क्यांइतका, म्हणजे मूळ जोराच्या जवळजवळ पंचमांशाने कमी होतो. शिवाय नेहमीची गाडी उलट बाहेर कलून जी भर घालते, तीही इथे पडत नाही. गाडी लागण्यामागे सेकंदाला एकापेक्षाही कमी वेळा होणारी संथ हालचाल मुख्य असते, आणि घाटातले डावे-उजवे हेलकावे नेमके त्याच प्रकारचे असतात. मुमेलझे ते रूहेश्टाइन या टप्प्यावर आईला त्रास झाला नाही, आणि तिने आधार म्हणून वरचे हँडल धरणेही सोडून दिले होते. तुलना करायची असेल तर हाच छोटा टप्पा एकदा कम्फर्टमध्ये आणि एकदा कर्व्हमध्ये, सारख्याच वेगाने आणि मागच्या आसनावर बसून अनुभवावा. चालकाच्या हातात स्टिअरिंग असते, वळण येणार हे त्याच्या शरीराला आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्याला हा फरक तितकासा कळत नाही.

फ्रॉयडनश्टाटकडे उतरताना मात्र तिला पुन्हा थोडे अस्वस्थ वाटले. सस्पेन्शन ब्रेक लावताना नाक खाली जाऊ देत नाही, पण वेग कमी होतानाचा पुढे फेकणारा जोर तसाच राहतो. तो कमी करणे चालकाच्या पायावरच अवलंबून आहे. म्हणून उतारावर गिअर हाताने खाली आणावा, वळणाच्या बऱ्याच आधी हलका ब्रेक लावावा आणि वळण सरळ होईपर्यंत वेग स्थिर ठेवावा. गावातल्या दगडी फरसबंदीवर कोणताही मोड लावला तरी फारसा फरक पडत नाही. तिथे सेकंदाला कित्येक डझन बारीक धक्के येतात आणि ते टायरनेच पचवायचे असतात. टायरमधली हवा दाराच्या किंवा इंधनाच्या झाकणाच्या स्टिकरवर दिलेल्या, प्रत्यक्ष माणसांच्या संख्येला लागू असलेल्या आकड्याइतकीच ठेवावी. भाड्याच्या गाडीत ती पूर्ण भाराची भरलेली असेल, तर चार माणसांच्या प्रवासात नाहक कडकपणा येतो.

माथ्यावर धुके लवकर उतरते, आणि पुढचा रस्ता पाहणाऱ्या कॅमेऱ्याला स्पष्ट दिसले तरच तो उपयोगी पडतो. म्हणून सकाळी उशिरा निघून दुपारी माथ्यावर असावे आणि पुढची काच स्वच्छ ठेवावी. उन्हाळी रविवारी या रस्त्यावर मोटारसायकलींची गर्दी असते, तेव्हा आठवड्यातला मधला दिवस निवडावा. हिवाळ्यात बर्फ किंवा निसरडा रस्ता असताना हिवाळी टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत. गाडी ५.२ मीटर लांब आणि आरशांसह २.१ मीटरहून अधिक रुंद असल्याने जुन्या बहुमजली पार्किंगमध्ये न शिरता उघड्या पार्किंगची जागा शोधावी.

जीएलएस आणि एस-क्लास या गाड्या पुण्याजवळ चाकणलाही जुळवल्या जातात. तिथे अशी गाडी घेण्याचा विचार असेल, तर शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावरच्या चाचणीवर समाधान मानू नये. घरातल्या ज्या व्यक्तीला गाडी लागते तिला मागे बसवावे, द्रुतगती मार्गाचे काँक्रीट आणि जुन्या रस्त्याचा खंडाळ्याचा घाट असे दोन्ही एकाच फेरीत घ्यावेत, आणि सस्पेन्शन केवळ हवेचे आहे की सक्रिय, तसेच चाके किती इंची आहेत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.