बादलीभर पाणी

मी जर्सी सिटीत हीटिंगची कामं करतो. इथल्या जुन्या घरांत खोल्या गरम करणारे वाफेवरचे रेडिएटर अजून आहेत, त्यामुळे जानेवारीत फोनला उसंत नसते. त्या दिवशीचं घर १९२०च्या दशकातलं होतं, मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. "नवा बॉयलर बसवला तेव्हापासून हा त्रास," त्या म्हणाल्या.

बॉयलर पेटायचा, वाफ वर जायची आणि थोड्याच वेळात पाणी कमी पडलं म्हणून बर्नर बंद व्हायचा. मग फीडर आपोआप ताजं पाणी सोडायचा. रात्रभर असं चाललं की सकाळी गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, काठोकाठ. आधी येऊन गेलेल्यांनी फीडर दोनदा बदलला होता. गळती शोधली, ती मिळाली नव्हती.

मी फीडर बंद केला, काचेवर मार्करने रेघ ओढली, बॉयलर चालू केला आणि स्टूल ओढून समोर बसलो. असं बसायला कोणाला वेळ नसतो. पण वाफेच्या कामात ते टाळून चालत नाही.

एका पाइपाच्या या पद्धतीत पाणी परत आणायला पंप नसतो. रेडिएटरमध्ये वाफ निवून तिचं पाणी बनतं, ते त्याच पाइपाने उलट खाली येतं, मेन पाइपाच्या टोकाला उतरतं आणि जमिनीलगतच्या परतीच्या पाइपातून बॉयलरला मिळतं. हा पाइप कायम पाण्याने भरलेला. त्यातून पाणी पुढे सरकतं ते फक्त टोकाच्या उभ्या पाइपात साठलेल्या पाण्याच्या वजनाने.

विसाव्या मिनिटाला पाणी काचेच्या तळाशी गेलं, बर्नर बंद झाला. मी हात लावला नाही. पाऊण तासाने पातळी चढत चढत पुन्हा रेघेला टेकली. पाणी कुठेच गेलं नव्हतं, उशिरा येत होतं! तेवढ्या वेळात फीडर वरून भर घालायचा आणि मग दोन्ही मिळून बॉयलर तुडुंब. जुन्या बॉयलरच्या पोटात पुष्कळ पाणी मावायचं, म्हणून हा उशीर इतकी वर्षं खपून गेला.

बॉयलर थंड झाल्यावर आधी हार्टफर्ड लूपचा, म्हणजे परतीचा पाइप बॉयलरला मिळतो तिथल्या वळणाचा, आखूड जोड उघडला, कारण गाळ बहुधा तिथे साचतो. तो स्वच्छ निघाला. परतीचा पाइप तळघराच्या काँक्रीटखालून गेला होता. त्याची दोन्ही टोकं सोडवली, लांबच्या टोकात बादलीभर पाणी ओतायला घेतलं आणि दुसरीकडे टॉर्च धरला. करंगळीएवढी धारही येईना. काळं, गंजाचं पाणी थेंब थेंब ठिबकत होतं. मागोमाग लापशीसारखा गाळ. इकडे ओतलेलं पाणी पाइपाच्या तोंडाशी तसंच उभं.

तो पाइप तिथेच सोडून दिला. भिंतीकडेने फरशीवरून तांब्याचा नवा पाइप टाकला, गाळ काढायला दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह ठेवले. संध्याकाळी पुन्हा स्टूलवर बसलो. पाणी रेघेखाली दीड इंच गेलं आणि तिथेच थांबलं. बर्नर एकदाही मध्येच बंद झाला नाही.

ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो आणि बॉयलर आतून गंजतो. दोन हिवाळे रोज असं पाणी पीत राहिलेल्या त्या बॉयलरची मला अजून चुटपुट लागते.