जुने अल्बम, निगेटिव्हच्या पट्ट्या आणि घरचाच कॅमेरा: डिजिटायझेशनचा माझा अनुभव

घरातले जुने फोटो डिजिटल करायचे म्हटलं की बहुतेक जण 'स्कॅनर कुठला घेऊ?' इथून सुरुवात करतात. माझ्या मते तो प्रश्न तिसरा-चौथा. आधी घरात नक्की काय काय आहे ते बघावं. एकाच ट्रंकेतून सहसा बराच वेगवेगळा ऐवज निघतो. आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या जमान्यातल्या १२० फिल्मचे चौकोनी कृष्णधवल फोटो, स्टुडिओत काढून पुठ्ठ्यावर डकवलेले फोटो, ऐंशी-नव्वदच्या दशकातले रंगीत पोस्टकार्ड साइझ प्रिंट आणि लॅबच्या पाकिटात तशाच राहिलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या. भिंतीवरच्या फ्रेमा वेगळ्याच.

वर्गवारीत मी एकच नियम पाळला: निगेटिव्ह सापडली तर त्या प्रिंटच्या मागे लागायचं नाही. अल्बममधले त्या काळचे रंगीत प्रिंट लालसर-पिवळे पडतात, कारण कागदातला निळसर रंग अंधारातही आधी उडतो. शिवाय लॅबच्या मशीनवर कडा कापल्या जायच्या. रांगेतल्या शेवटच्या मावशीचा अर्धा खांदा निगेटिव्हमध्ये हमखास शाबूत असतो. प्रिंटच्या पाठीवर कुणी काही लिहिलं असेल तर तेवढा पाठीचा फोटो मात्र मोबाइलवर काढून ठेवायचा. लॅबचं पाकीट फेकायचं नाही. त्यावर तारीख आणि रोल नंबर असतो. एखाद्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते लगेच बाजूला काढावं. तो अ‍ॅसिटेटचा बेस, म्हणजे फिल्मचं मूळ प्लास्टिक, कुजत असल्याची खूण असते, आणि शेजारच्या पट्ट्यांनाही ते बाधतं. अशा पट्ट्या सगळ्यांत आधी उरकाव्यात.

हे काम पावसाळ्यात काढू नये. हवेतल्या दमटपणाने फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ आणि चिकट होतो, बुरशीला तर आमंत्रणच. दिवाळीनंतरचे महिने बरे. बुरशी दिसली म्हणून ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, आणि फडक्याबरोबर चेहराही निघून येतो. मी फक्त चकचकीत बाजू, तीही ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसतो. घरातलं सॅनिटायझर चालत नाही. त्यात पाणी असतं, आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही. बाकी धुळीला रबरी ब्लोअर पुरतो. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे तुषार बसतात.

आता यंत्रसामग्री. फ्लॅटबेड स्कॅनर प्रिंटला ठीक आहे. पोस्टकार्ड साइझला (४ × ६ इंच) ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, आणि त्याहून जास्त तपशील त्या कागदात बहुधा नसतोच. निगेटिव्हसाठी मात्र मी कॅमेराच वापरला: २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (लहान सेन्सरचा) बॉडी आणि १:१ पर्यंत, म्हणजे वस्तू सेन्सरवर मूळ आकारात उमटेल इतकी जवळ, जाणारी मॅक्रो लेन्स. ३५ एमएमची चौकट २४ × ३६ मिलिमीटरची असते, ती या सेन्सरवर पूर्ण बसवली की चार हजार डीपीआयच्या वर तपशील हाती येतो. १२० फिल्मची चौकोनी चौकट साधारण ५६ मिलिमीटरची, ती दुरूनच बसते आणि ४००० × ४००० पिक्सेल मिळतात. ऐंशीच्या दशकात घरोघरी आलेल्या हॉट शॉटसारख्या ११० कार्ट्रिजच्या कॅमेऱ्यांची चौकट जेमतेम १३ × १७ मिलिमीटर. तिथे लेन्स पूर्ण १:१ वर न्यावी लागते आणि तरी हाती येतात ते बहुतांशी दाणेच. त्याबद्दल लेन्सला दोष देऊ नये.

कॅमेरा खाली तोंड करून पक्का बसवायला ट्रायपॉडपेक्षा डार्करूममधल्या एनलार्जरचा (निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायच्या यंत्राचा) जुना खांब उत्तम. जुन्या बाजारात हेड नसलेला एनलार्जर मिळाला तर सोडू नका. उंची दांड्यावर खालीवर करता येते आणि बूड जड असल्यामुळे डुगडुगत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते सेन्सर आणि फिल्म समांतर ठेवणं. स्पिरिट लेव्हलवर मी विसंबत नाही, कारण टेबलच कललेलं असू शकतं. फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून लेन्सचं प्रतिबिंब फोकस करायचं. लेन्सच्या काचेचा मध्य स्क्रीनच्या बरोबर मध्यावर आला की कॅमेरा समांतर झाला. थोडाही तिरपा असला तर एका बाजूचे चेहरे खणखणीत आणि दुसऱ्या बाजूचे मऊ येतात, आणि माणूस उगाच फोकसला शिव्या देत बसतो.

खालून प्रकाश द्यायला ९५ किंवा त्याहून जास्त सीआरआयचं (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) एलईडी पॅनेल घ्या. टॅबलेटच्या पांढऱ्या स्क्रीनवर थेट पट्टी ठेवली तर स्क्रीनचे पिक्सेल फोटोत उतरतात; मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक आणि चार-पाच सेंटीमीटर अंतर हवं. स्वस्त पॅनेल लुकलुकतं, त्याचे आडवे पट्टे इलेक्ट्रॉनिक शटरवर दिसतात. मेकॅनिकल शटर लावून वेळ लांबवला की ते जातात. फिल्म धरायला काळा माउंटबोर्ड: पट्टी सरकेल एवढी ३५ मिलिमीटरची खाच आणि मध्ये २५ × ३७ चा झरोका. झरोक्याबाहेरचं पॅनेल काळ्या कागदाने झाका, नाहीतर तो उजेड लेन्समध्ये घुसून सावल्या राखाडी करतो. खोलीतले दिवे बंद, पंखाही बंद. काचेखाली पट्टी दाबायचा मोह होतो, पण चकचकीत बाजू काचेला टेकली की इंद्रधनुषी वलयं उमटतात. वाकलेल्या पट्ट्या जाड पुस्तकाखाली, मध्ये ॲसिड-फ्री कागद घालून, चार-आठ दिवस ठेवल्या तर बऱ्याच सरळ होतात.

कॅमेऱ्याचं सेटिंग एकदा लावलं की पूर्ण रोलभर हलवायचं नाही: रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल), आयएसओ १००, एफ/८, मॅन्युअल एक्स्पोजर, मॅन्युअल फोकस, दोन सेकंदांचा टायमर. फोकस फिल्मच्या दाण्यांवर, स्क्रीन पूर्ण मोठी करून. एक्स्पोजर असं ठेवायचं की चौकटींमधली कोरी नारिंगी फिल्म हिस्टोग्रामच्या (स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या टोकाजवळ येईल, पण कापली जाणार नाही. फिल्मची मंद, न चकाकणारी बाजू मी लेन्सकडे ठेवतो. त्यामुळे चित्र उलटं येतं, ते नंतर आडवं फ्लिप करायचं. करायचं राहिलं की काय हे ओळखायला पुरुषाच्या शर्टाचा खिसा बघा, तो त्याच्या डाव्या छातीवर हवा. आपल्याकडच्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावरून जातो, तो उजव्यावर दिसला तर बहुधा चित्र उलटं आहे. नऊवारीच्या फोटोंत ही खूण हुकत नाही. गुजराती पद्धतीची साडी नेसलेली कुणी असेल तर मात्र फसगत होईल.

निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करायला डार्कटेबल या फोटो सॉफ्टवेअरमधलं निगाडॉक्टर मोड्यूल फुकट आहे. लाइटरूम वापरणाऱ्यांसाठी निगेटिव्ह लॅब प्रो हे पैसे भरून घ्यायचं प्लगइन. दोन्हीकडे आधी कोऱ्या नारिंगी फिल्मवरून रंग उचलायचा, आणि कडेची भोकं क्रॉप करायची. भोकांमधून आलेला निव्वळ पांढरा उजेड हिशेबात धरला गेला की चेहऱ्यांचे रंग बिघडतात. घरातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोंत थोडा हिरवटपणा मुळातच असतो. तो पूर्ण घालवू नये असं माझं मत, त्या खोल्या तशाच दिसायच्या.

प्रिंटच्या बाबतीत खरा ताप होतो तो खडबडीत 'सिल्क' कागदाचा. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याचा ठिपका चमकतो. दोन उपाय आहेत. एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करायचं, मग दोन लेयर जुळवून वरचा ५० टक्के पारदर्शक करायचा. किंवा कॅमेरा वापरून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे लावायचे, दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर (चमक अडवणारा फिल्टर), आणि चमक जाईपर्यंत तो फिरवायचा. दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाश कमी होतो, पण जुन्या कृष्णधवल फोटोंच्या काळ्या भागावर आलेली चांदीसारखी निळी झाकही याच उपायाने निघते. दिवे सारखे आहेत का हे बघायला फोटोच्या जागी पेन्सिल उभी करा: दोन्ही सावल्या सारख्याच गडद दिसल्या पाहिजेत.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सुटत नसेल तर दातांचा फ्लॉस मागून करवतीसारखा हळूहळू सरकवून बघावा. तरीही निघत नसेल तर वरचं प्लास्टिक उचलून पानासकटच फोटो घ्यायचा. सुरीचं पातं घालू नका. फ्रेममधले आजोबा काचेला चिकटले असतील तर ते काचेसकटच राहू द्यावेत. काचेवरचं गंध आणि हाराचे डाग बाहेरून पुसायचे, कॅमेऱ्याभोवती भोक पाडलेलं काळं कापड धरायचं आणि वरचीच पोलरायझरची जोडणी वापरायची.

तारखा आणि नावं हे काम वयस्कर माणसांच्या शेजारी बसूनच होतं, आणि ते स्कॅनिंग संपायची वाट बघत ठेवू नये. मी मोबाइलवर काढलेले कामचलाऊ फोटो आधी टॅबलेटवर मोठे करून दाखवतो आणि बोलणं रेकॉर्ड करतो. 'ही कोण?' असं विचारल्यावर अडखळणारी आत्या 'हे कुणाचं बारसं?' म्हटलं की घडाघडा सांगते. पाठीमागे किंवा पत्रिकेत शक लिहिला असेल तर ७८ मिळवायचे. जानेवारी उजाडल्यानंतरचे पौष-माघ-फाल्गुन असतील तर ७९. म्हणजे वैशाख शके १९०६ हे १९८४, आणि माघ शके १९०५ सुद्धा १९८४. कोपऱ्यात छापलेल्या नारिंगी तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, बॅटरी बदलल्यावर ती पुन्हा लावायची कुणाच्या लक्षात राहायचं?

तारीख, नावं आणि गाव फाइलच्या नावात न कोंबता मेटाडेटात, म्हणजे फाइलच्या आत साठणाऱ्या माहितीत, लिहायचं. त्यासाठी डिजिकॅम हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि देवनागरी नीट घेतं. फाइलच्या नावात फक्त वर्ष, रोल आणि चौकट क्रमांक. रॉ फाइल आणि संस्कार केलेली जेपीईजी एवढंच मी ठेवतो. २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ १४४ एमबीची होते, ती सरसकट ठेवायचं कारण नाही. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे, तिसरी क्लाउडवर. व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला तर तो आवळला जातो आणि कष्टाने भरलेली नावंही गळून पडतात.

मूळ पट्ट्या काम झालं म्हणून टाकायच्या नाहीत. पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, आणि डबा बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. पुड्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या.